सगळ्यांचा फराळ करणाऱ्या बायकांची दिवाळी कधी?

पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

डोंबिवलीहून एका ताईंनी लिहिलंय. घरच्या गॅसवर दोन किलो चकलीपासून सुरुवात केली, आज भाड्याच्या गाळ्यात फराळाचं युनिट आहे, ११ जणी कायमच्या आणि दिवाळीच्या तोंडावर आणखी ६ जणी रोजावर. गेल्या वर्षी अमेरिकेच्या पार्सलांचा घोळ झाला, परदेशच्या बऱ्याच ऑर्डरी हातच्या गेल्या, तो खड्डा भरायला त्यांनी शेवटच्या आठ दिवसांत इथल्या इथे मिळतील तेवढ्या ऑर्डरी घेतल्या. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री साडेअकराला, नऊ वर्षं त्यांच्याकडे चकली तळणाऱ्या मावशींचा हात तेलाने भाजला. दुसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत आणि तिसरी दुपारी निघून गेली, जाताना म्हणाली, "ताई, आमच्या घरी अजून कंदीलपण लागला नाहीये." दिवाळीनंतर तिघींनी काम सोडलं, त्यात त्या मावशीपण होत्या.

ताई विचारतात, "मी त्यांना कधी नोकर म्हणून वागवलं नाही, घरच्यासारख्याच आहेत सगळ्या. दिवाळीला साडी देते, फराळाचा डबा देते, बोनस देते, फक्त तो भाऊबीजेनंतर, नाहीतर मधेच सोडून जातात. मी स्वतः त्यांच्यापेक्षा जास्त राबते, रात्री एक-एक वाजेपर्यंत बरोबरीने उभी असते. मिस्टर म्हणतात रोज वाढव, येतील. बहीण म्हणते एखादी पिकनिक काढ, मोटिवेशनचा कार्यक्रम ठेव. यंदा परत असं होऊ नये म्हणून मी नक्की काय करू?"

ताई,

ते कंदीलाचं वाक्य तुम्ही पत्रात लिहिलं नसतंत तर तुमची बाजू जास्त भक्कम दिसली असती, तरी लिहिलंत, म्हणजे ते आत कुठेतरी लागलंय तुम्हाला. म्हणून मी पण तुमच्याशी आडपडदा न ठेवता बोलणार आहे, आणि जरा लांबलचक बोलणार आहे कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

माझी आई एका फराळवाल्यांकडे सीझनला जायची, मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. नवरात्रापासून सुरू व्हायचं ते थेट लक्ष्मीपूजनाच्या दुपारपर्यंत. एका वर्षी नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री ती साडेबाराला घरी आली, आणि पहाटे चारला उठून आम्हाला उटणं लावायला बसली. माझ्या भावाच्या पाठीला तेल लावता लावता ती बसल्या बसल्या झोपली, तेलाची वाटी हातात तशीच. भाऊ सात वर्षांचा होता, उघडा, थंडीत कुडकुडत होता, पण आई उठेल म्हणून हललाच नाही. मी मोरीच्या दारात उभी राहून हे बघत होते. बाहेर सगळ्या चाळीत फटाके सुरू झाले तेव्हा कुठे ती दचकून जागी झाली.

आता ज्या बाईंकडे ती काम करायची त्या काही वाईट नव्हत्या बरं का. आईला त्या आवडायच्या, आई त्यांच्याबद्दल नेहमी चांगलंच बोलायची. दरवर्षी त्या आईला भरलेला फराळाचा डबा द्यायच्या आणि आई तो घरी आणून तसाच शेजारी देऊन टाकायची. मला इतका राग यायचा तेव्हा, वाटायचं आपल्याला मिळालेलं हिने दुसऱ्याला का दिलं. महिनाभर कढईसमोर उभं राहिल्यावर तिला तळणीचा वासच सहन व्हायचा नाही, हे मला खूप उशिरा कळलं. काही वर्षांपूर्वी मी तिला विचारलं, की तुला तेव्हा त्यांच्याकडून काय मिळालं असतं तर बरं वाटलं असतं, तर ती म्हणाली, "एक दिवस आधी सोडायला पाहिजे होतं गं, घरी निदान करंज्या झाल्या असत्या." तिने पैसे वाढवून नाही मागितले, साडी नाही मागितली. आणि हे एवढंसं त्या बाईंना एकदाही कळलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलं नाही आणि आईने कधी सांगितलं नाही.

म्हणून तुमच्या पत्रातला "घरच्यासारख्या" हा शब्द मला जरा टोचला. तुम्ही तो मनापासून लिहिलाय याबद्दल मला शंका नाही. पण बघा, घरच्या माणसाला आपण विचारत नाही, गृहीत धरतो. सुनेने रात्री बारापर्यंत ओट्यापाशी उभं राहिलं तर त्याचा हिशोब कोण ठेवतं? तोच नियम मग गाळ्यातपण येतो, आज थोडं थांबा गं, आपलंच काम आहे. आणि समोरची बाई तुम्हाला मानते म्हणून "नाही" म्हणू शकत नाही, ती गप्प थांबते, एक दिवस थांबते, आठ दिवस थांबते, आणि मग एकदम येणंच बंद करते. तुम्हाला वाटतं अचानक सोडून गेली. तिच्या बाजूने बघितलं तर ती आठ दिवस सांगतच होती, फक्त तोंडाने नाही.

प्रेम ठेवाच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. फक्त कामाची वेळ, सुट्टी, पैसे या तीन गोष्टी प्रेमातून बाहेर काढा आणि कागदावर लिहा.

आता तुमच्या वहीकडे येऊ. तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं झालं, कारण माझ्या मते गेल्या दिवाळीचं उत्तर त्या पानावरच आहे. तुमचाच आकडा घेते. सगळ्या जणी हजर असतील, लाईट गेली नाही, तर दिवसाला ६० किलो माल निघतो, सगळं मिळून. शेवटच्या आठ दिवसांचे झाले ४८०. आणि तुम्ही त्या आठ दिवसांसाठी ऑर्डर घेतल्या होत्या ९०० किलोच्या. वरचे ४२० किलो म्हणजे आणखी सात दिवसांचं काम. हे सात दिवस आले कुठून ताई? ते त्या बायकांच्या रात्रीतून आले, त्यांच्या घरच्या साफसफाईतून, पोरांच्या किल्ल्यातून, त्या कंदीलातून आले. मावशींचा हात साडेअकराला भाजला असं तुम्ही लिहिलंत, पण खरं सांगायचं तर ज्या दिवशी तुम्ही फोनवर "हो हो, होऊन जाईल" म्हणत शेवटची ऑर्डर लिहून घेतलीत त्या दिवशीच ते कधीतरी, कुणाचं तरी होणार हे ठरलं होतं. कठोर वाटेल वाचायला. पण यात एक चांगली गोष्ट अशी आहे, की जे वहीतून सुरू झालं ते वहीतच थांबवता येतं.

आणि मी हेही समजते की तुम्ही ते हावरटपणाने केलं नाहीत. गेल्या वर्षी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची ड्युटीमाफी काढून घेतली, आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं बंद केली ती १५ ऑक्टोबरला परत सुरू केली, आणि लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला. ज्यांचा धंदा परदेशच्या डब्यांवर होता त्या सगळ्यांचेच तेव्हा हात बांधले गेले. गाळ्याचं भाडं तर भरायचंच होतं. पण तो तोटा तुमच्या धंद्याचा होता, आणि तो भरून काढायला रोजावरच्या बायकांची झोप वापरली गेली, आणि ती कुणाच्या नजरेत आली नाही कारण वहीत किलो लिहायला रकाना आहे, माणसांना नाही.

तर यंदा पहिलं काम हे करा, की ऑर्डरच्या वहीत प्रत्येक दिवसासमोर आधी माणसं लिहा. कोण येणार, किती वाजेपर्यंत, कोणाची सुट्टी. त्यातून त्या दिवशी किती किलो निघेल ते लिहा आणि त्यातले दहाएक किलो हाताशी सोडा कारण कोणीतरी आजारी पडतंच, गॅस संपतोच. मग ऑर्डर घ्या. तो दिवस भरला की भरला. तुम्ही म्हणाल दिवाळीला नाही म्हटलं तर गिऱ्हाईक कायमचं जातं. जातं कधीकधी, मी खोटं सांगणार नाही. पण नाही म्हणायच्या पण पद्धती असतात ना. "चकली आता नाही होणार, पण चिवडा आणि शंकरपाळी देते", "धनत्रयोदशीला नाही, त्याआधी चार दिवस घेऊन जा", "भाजणी तयार देते, चकल्या घरी पाडा". परदेशातली बरीच मंडळं दिवाळीचा कार्यक्रम सुट्टी बघून पुढच्या शनिवार-रविवारी करतात, त्यांना दिवाळीनंतर पोचलेला माल पण चालतो, विचारून तर बघा. आणि ज्या गिऱ्हाइकाला आदल्या रात्री दहाला फोन करून सकाळी पाच किलो अनारसे हवे असतात, ते गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. खरंच जाऊ दे.

यंदा तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. अधिक महिना येऊन गेल्यामुळे दिवाळी उशिरा आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा १८ दिवस जास्त मिळाले. हे १८ दिवस जास्तीच्या ऑर्डरींनी भरू नका, काम पसरवायला वापरा. तुम्हाला मी काय शिकवणार, पण दुसऱ्या वाचकांसाठी लिहिते: फराळातलं सगळं काही शेवटच्या आठवड्यात करावं लागत नाही. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून, कुटून, गुळात कालवून ठेवलं की ते पीठ बरेच दिवस राहतं, उलट मुरल्यावर जास्त चांगलं. चकलीची भाजणी नवरात्राच्या आधी भाजून दळून ठेवता येते. शंकरपाळी, चिवडा हे दसऱ्यानंतर लगेच सुरू केलं तरी चालतं, आणि दसरा आहे २० ऑक्टोबरला. बेसनाचे लाडू पण टिकतात. ओल्या नारळाची करंजी तेवढी शेवटची, ती दोन दिवसांच्या पुढे जात नाही. म्हणजे शेवटच्या चार दिवसांत तळणीचं काम कमीत कमी उरेल अशी मांडणी करता येते, आणि नव्या ऑर्डरी कोजागरीला बंद. तसा बोर्डच लावा गाळ्याबाहेर, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसलापण टाका, आणि मग स्वतःच्या नणंदेचा फोन आला तरी तो पाळा.

आता सुट्टीचं. माझा अगदी आग्रह आहे की प्रत्येकीला दिवाळीच्या आधी एक पूर्ण दिवस भरपगारी द्या, तिच्या स्वतःच्या घरच्या दिवाळीसाठी. एकदम सगळ्यांना नाही देता येणार, मान्य आहे. सोमवारी दोघी, मंगळवारी दोघी, असं दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत सहज बसतं. कोणाला कुठला हवा ते त्यांनाच आपापसात ठरवू दे. एखादीला तो दिवस मुलाच्या परीक्षेला हवा असेल, एखादीला गावी सासूला फराळ पोचवायला. तुमच्याकडे दोघी मुस्लिम आहेत असं लिहिलंत, त्यांच्याबरोबर ईदच्या सुट्टीची अदलाबदल छान होऊ शकते, पण "तुमची काय दिवाळी नसते" असं म्हणून सगळ्या उशिराच्या पाळ्या त्यांच्यावर टाकू नका, त्यांच्या पोरांच्या शाळांनापण तेव्हाच सुट्टी असते. आपल्याकडच्या दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत, चार ठरलेल्या म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालकाने आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तुमच्या युनिटला नक्की कुठला कायदा लागतो ते सीएकडून समजून घ्या, पण "मिळून ठरवायच्या" हे दोन शब्द मला फार आवडतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच एक दिवस चहा ठेवून सगळ्यांना गोल बसवा आणि कॅलेंडर मधे ठेवा. गणपतीच्या धामधुमीत राहून गेलं तर अनंत चतुर्दशीनंतर, पण नवरात्राच्या आत.

बोनसबद्दल मात्र मला रागावायचंय थोडं. भाऊबीजेनंतर देता, "नाहीतर मधेच जातात". ताई, दिवाळीचा बोनस हा दिवाळीसाठी असतो. पोरांचे कपडे, तेलाचा डबा, रांगोळी, भावासाठी काहीतरी, हे सगळं ती उधारीवर करते आणि मग तुमचा बोनस येतो तो उधारी फेडायला. शिवाय तुम्ही न बोलता तिला सांगता, की माझा तुझ्यावर विश्वास नाही, म्हणून पैसे अडकवून ठेवलेत. मग घरच्यासारखी कशी झाली ती? बोनस कोजागरीच्या सुमाराला द्या, आणि त्याच आठवड्यात एखादा दिवस दुपारी तीनला सोडा म्हणजे उजेडी बाजारात जाता येईल, कारण पैसे मिळाले आणि दुकानं बंद व्हायच्या आत जायलाच मिळालं नाही तर काय उपयोग. बोनस घेऊन एखादी पळालीच तर पळाली, सतरातली एक. किती द्यायचा म्हणाल तर बोनसच्या नियमांत कमीत कमी ८.३३ टक्के म्हटलंय, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, साधारण एका महिन्याचा पगार. तो नियम २० माणसांपासून लागतो आणि तुमच्याकडे सगळ्या मिळून १७, तरी आकडा म्हणून तोच समोर ठेवावा असं माझं मत. रोजावरच्या सहा जणींना त्यांच्या दिवसांच्या हिशोबाने काहीतरी द्याच, त्यांना साडी आणि बाकीच्यांना बोनस असं करू नका, त्या एकाच कढईसमोर उभ्या असतात.

मिस्टर म्हणतात रोज वाढव, ते चुकीचं नाही. जास्त वेळ थांबल्याचे पैसे दुप्पट दराने द्यायचे असतात ही काही मेहेरबानी नाही, नियमच आहे, आणि ते त्याच आठवड्यात द्या, वहीत सही घेऊन. पण नुसते पैसे वाढवून रात्री बारा तशाच ठेवल्यात तर काय होईल, ज्यांना पैशाची फारच नड आहे त्या थांबतील आणि बाकीच्या जातील. नड असलेली बाई थकली तरी सांगत नाही. मग पुढचा हात तिचा भाजेल.

तुम्ही रात्री एकपर्यंत उभ्या असता, हे तुम्ही अभिमानाने लिहिलंत आणि अभिमान वाटण्यासारखंच आहे ते. पण एकदा त्यांच्या जागी जाऊन बघा. मालकीण स्वतः पदर खोचून कढईपाशी उभी आहे, तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय, अशा वेळी साडेसातला "ताई, मी निघू का?" असं विचारायला किती हिंमत लागेल. तुम्ही काही न बोलतासुद्धा त्यांना अडवता. शिवाय धंदा तुमचा आहे, रात्रीच्या जागरणातून उरणारा फायदा तुमच्याकडे येतो, तिला घरी जाऊन परत भाकऱ्या थापायच्या असतात, आणि दिव्याहून, टिटवाळ्याहून येणारीला आधी लोकलमध्ये चढायचं असतं. तेव्हा यंदा संध्याकाळी सातला तळणी बंद, गॅसचा कॉक तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करा, सगळ्यांच्या देखत, आणि सगळ्यात आधी तुम्ही चप्पल घाला. हिशोब, लेबलं, फोन, हे तुम्हाला उरलं तर घरी नेऊन करा. कधी अगदी नाइलाजाने एखादा दिवस उशीर झालाच तर ज्यांनी आपणहून हो म्हटलंय त्याच थांबतील आणि त्यांना घरापर्यंत रिक्षा, पैसे तुमच्याकडून, आधी ठरवून.

हाताचं, म्हणजे भाजण्याचं. तळणीपुढे एका जागी सलग दोन तासांच्या वर कोणी नको. दोन तास झाले की ती लाडू वळायला नाहीतर करंजीला कातण फिरवायला बसेल, बसलेली उठून कढईकडे येईल. ही अदलाबदल घड्याळ लावून करा, "दमलीस की सांग" असं ठेवलंत तर कोणी सांगणार नाही. चकली तळणं हे कौशल्याचं काम आहे हे मला माहितेय, तेल किती तापलंय हे मावशींना नुसत्या बुडबुड्यांवरून कळत असणार, म्हणून तर नऊ वर्षं तुम्ही त्यांना तिथून हलवलं नाहीत. आणि तेच चुकलं. ज्या कामाला एकच माणूस येतं, त्या माणसाला सुट्टी कधीच मिळत नाही. गणपती झाले की ऑर्डरी कमी असताना आणखी दोघींना चकलीवर तयार करा, चार घाणे बिघडतील, बिघडू देत. सिंथेटिक साडीचा पदर गॅसजवळ नको, पूर्ण बाह्यांचे सुती एप्रन शिवून घ्या. एक्झॉस्ट नीट चालतोय का बघा. भाजलं तर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, आणि मग डॉक्टर, आणि त्या दिवसाचा आणि पुढच्या सगळ्या दिवसांचा पगार चालू. १० किंवा जास्त माणसं असली की ईएसआयसीचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचंपण बघावं लागतं, २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना त्यात उपचार आणि आजारपणातले पैसे मिळतात, तुमचं नोंदवलेलं नसेल तर याच महिन्यात सीएला गाठा.

फराळाच्या डब्याऐवजी काय द्यावं ते मी सांगणार नाही, ते त्यांना विचारा. कोणी म्हणेल पाच लिटर तेल द्या, कोणी म्हणेल भाजलेली भाजणी दोन किलो द्या म्हणजे घरी गेल्यावर पोरांसोबत चकल्या पाडीन. घरातल्या चकलीचा आनंद सोऱ्या फिरवण्यातपण असतो ना, पोरं वेडीवाकडी चकली पाडतात आणि तीच आधी खातात. आणि कृपा करून तुटक्या चकल्यांचा चुरा "घेऊन जा गं घरी" म्हणून देऊ नका. माझ्या आईने तो पण आणलाय.

पिकनिक आत्ता नको. महिन्यातून मिळणारा एकुलता एक रविवार बसमध्ये घालवायला कुठल्या बाईला आवडेल. मोटिवेशनचं तर मी म्हणेन सोडूनच द्या, तुमच्या बायकांना कामाची हौस कमी आहे असं तुमच्या पत्रातून मला कुठेच दिसलं नाही. त्यापेक्षा भाऊबीजेनंतर चार दिवस युनिट बंद ठेवा, पगारासकट, आणि तुळशीच्या लग्नाच्या आसपास सगळ्यांना एक दिवस जेवायला बोलवा, बाहेरून मागवलेलं जेवण, कोणीही ओट्यापाशी जायचं नाही. जेवणं झाली की विचारा यंदा काय जड गेलं. पहिल्या वर्षी कोणी फारसं बोलणार नाही, तुम्हीच गेल्या वर्षीचं आपलं काय चुकलं ते सांगून सुरुवात करा.

हे पत्र फराळाचं असलं तरी मला असल्याच अडचणीची पत्रं दरवर्षी येतात, साडीच्या दुकानाचे मालक, पार्लरवाल्या, कुरियरच्या ऑफिसातले सुपरवायझर, हॉस्पिटलच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. त्यांनीपण आपापल्या वहीत आधी माणसं लिहावीत, पाळ्या दिवाळीच्या आठवड्यात नाही तर महिना-दीड महिना आधी सगळ्यांसमोर लावाव्यात, आणि गेल्या वर्षी ज्याने लक्ष्मीपूजनाला ड्युटी केली त्याला यंदा आधी विचारावं. साडीच्या दुकानवाल्यांना वेगळं सांगायचंय: काउंटरमागे स्टूल ठेवा हो. गिऱ्हाईक उठून गेल्यावर पन्नास साड्यांच्या घड्या उभ्याने घालायच्या आणि लगेच पुढच्यासमोर हसून उभं राहायचं, सकाळी दहा ते रात्री दहा. केरळात २०१८ साली आणि तामिळनाडूत २०२१ साली दुकानातल्या माणसांना बसायला जागा द्यायचा कायदा करावा लागला, आपण कायद्याची वाट बघायची गरज नाही, स्टूल काही फार महाग येत नाही.

शेवटी मावशींचं, जे तुम्ही पत्रात शेवटच्या ओळीत घाईघाईने लिहिलंत, की "त्यांना परत बोलवायला जाऊ का, की बरं दिसणार नाही?" जा. पण सीझन तोंडावर आला म्हणून जाऊ नका, आत्ता जा, या आठवड्यात, आणि एकट्या जा. भाजल्यानंतर त्या जितके दिवस घरी बसल्या तेवढ्या दिवसांचे पैसे आणि औषधाचा खर्च पाकिटात घालून न्या, तो तुमच्याकडून राहिलाय. कामाचा विषय त्या दिवशी काढूच नका, त्यांनी काढला तरी "ते नंतर बघू मावशी" म्हणा. हात कसा आहे विचारा, दाखवा म्हणा, मूठ पूर्ण मिटते का बघा. त्या बोलल्या, रागावल्या, तर ऐकून घ्या आणि "पण मावशी, तेव्हा ऑर्डरच एवढी होती" हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळून टाका. चहा ठेवतील, तो पिऊनच उठा.